अनुसयेचं बोलणं

सोमवारी सकाळी अनुसया मशीनवर बसली होती. तिच्या हातातली कात्री पडली. ती उचलायला तिने हात पुढे केला. हात गेला नाही. मला हाक मारायला तिने तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही.

त्या दिवसाबद्दल मला एवढंच खात्रीने लिहिता येतं. गाडी कुणी आणली, आमगावहून गोंदियाला आम्ही कसे पोचलो, दवाखान्यात कोण कुणाशी बोललं, हे मला आठवत नाही; सगळं तिच्या शिवणवर्गातल्या मुलींनी केलं. मीही बरोबर होतो, असं त्या सांगतात.

मी आमगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ज्या खोलीत बोलायला बंदी असते तिथे मला पगार मिळायचा, आणि ती नोकरी मी कमालीच्या निष्ठेने केली. घरी आलो तरी मी कामावरच असल्यासारखा असायचो. आमच्या संसारात बोलण्याचं खातं अनुसयेकडे होतं. भाजीवाली, गॅसवाला, बसचा कंडक्टर, माझे स्वतःचे भाऊ, या सगळ्यांशी माझ्या वतीने तीच बोलायची. एकदा तिने मला अस्तराचं कापड आणायला गोंदियाच्या बाजारात पाठवलं. हवा होता आकाशी रंग. दुकानदाराने हिंदीत विचारलं, "ये चलेगा ना, सर?" नाही म्हणायला वाक्य जुळवावं लागलं असतं, म्हणून मी जांभळं घेऊन आलो. अनुसयेने ते कापड उजेडात धरलं आणि मग मला धरलं.

"तुमी पुस्तकासारके आहा," ती म्हणाली. "कोनी उघडलं त बोलता."

घराच्या पुढच्या खोलीत तिचा शिवणवर्ग चालायचा. आम्हाला मूल झालं नाही, पण त्या खोलीत कायम मुली असत. आजूबाजूच्या खेड्यांतून सायकलने येत, दुपारपर्यंत मशीन चालवत आणि हसत. अनुसया त्यांना तोंडात टाचण्या धरून शिकवायची. दोन ओठांच्या फटीत पाच-सहा टाचण्या, आणि त्यांच्या मागून अखंड बोलणं. त्यातलं मला काही कळत नसे. मुलींना सगळं कळे. "कापड बोलत नाही म्हून कसंबी कापशीन का?" हे ती टाचण्यांसकट म्हणायची, आणि कापणारी मुलगी जागच्या जागी थांबायची. लग्नाला गेलो तर ही नवरीचं तोंड पाहायची नाही, मुंढा पाहायची. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो भाग. अक्षता टाकता टाकता माझ्या कानाशी म्हणायची, "चुकला." मग मी उगीचच त्या नवरीबद्दल हळहळत जेवायचो.

तिचा सगळ्यात आवडता शब्द होता 'उसव'. शिवण वाकडी गेली की ती रागवायची नाही, कारण सांगत बसायची नाही. कापडावर बोट ठेवून म्हणायची, "उसव." मुलगी मुकाट्याने टाके काढायची आणि पुन्हा शिवायची. एखादीने दिवसभर शिवलेला ब्लाउज संध्याकाळी उसवायला लावला, तरी दुसऱ्या दिवशी ती मुलगी परत यायची. हे तिला कसं साधायचं, ते मला कधी कळलं नाही. आमच्या वाचनालयात मी कुणाला "शू" म्हटलं तर तो आठवडाभर फिरकत नसे.

दवाखान्यात तिची शुद्ध नीट परतल्यावर डॉक्टर तिच्या खाटेशी आले. तरुण होते, हिंदी बोलणारे. मेंदूच्या डाव्या बाजूची एक नस बंद झाली, म्हणून उजवा हात आणि बोलणं गेलं, असं त्यांनी मला आधीच समजावलं होतं. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी तिला विचारलं, "माताजी, ये कौन हैं? इनका नाम बताइए."

अनुसयेने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले, मग उघडले.

"उसव," ती म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस तिच्याकडे तो एकच शब्द होता. पाणी हवं तरी उसव, नको तरी उसव. खिडकी लावायची, उशी सरकवायची, माझा सदरा तिला आवडला नाही, सगळ्याला उसव. नर्सबाईंना वाटलं हे माझंच नाव आहे. त्या व्हरांड्यातून हाक मारायच्या, "उसवजी, दवाई ले आइए." मी जात असे. दुरुस्त करायला वाक्य जुळवावं लागलं असतं.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचा जो भाग गेला तो गेला. पण त्याच्या आसपासचा भाग, आणि कधीकधी पलीकडची बाजूसुद्धा, ते काम शिकून घेऊ शकते. फक्त तिला शिकवत राहावं लागतं. हात वापरत राहायचा, बोलत राहायचं. "आप दिनभर उनसे बात कीजिए," ते मला म्हणाले. आख्ख्या जिल्ह्यात हा उपचार द्यायला माझ्याइतका नालायक माणूस त्यांना सापडला नसता.

मी वाचनालयात गेलो आणि मेंदूवरची होती नव्हती ती पुस्तकं घरी आणली. तो माझा स्वभाव आहे. विंचू चावला तरी मी आधी विंचवांवरचं पुस्तक शोधीन. वाचलं ते सगळं खरं होतं. मेंदूत नवे रस्ते पडतात, वापराने रुंद होतात, न वापरल्यास बुजतात. हे समजल्यावर मला इतका आनंद झाला की दोन दिवस मी अनुसयेशी बोलायचंच विसरलो. वाचत होतो.

नागपूरला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, घरातल्या माणसांच्या नावांपासून सुरुवात करा. ती ओळखीची असतात, लवकर येतात. आमच्या घरात माणूस म्हणजे मी एकटा. आणि माझं नाव पुरुषोत्तम.

आईवडिलांनी मला राम म्हटलं असतं, हरी म्हटलं असतं, तर मराठी भाषेचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी पुरुषोत्तम ठेवलं. मी रोज सकाळी अनुसयेसमोर खुर्ची ओढून बसायचो, तिचा हात हातात घ्यायचो आणि म्हणायचो, "पु. रु. षो. त्तम." ती छताकडे बघायची. "पु," मी ओठांचा चंबू करून दाखवायचो. तिचा चेहरा लाल व्हायचा, ओठ दाबले जायचे, मान दुसरीकडे वळायची. मी त्याला प्रयत्न समजायचो. मला वाटायचं, आत रस्ता खणला जातो आहे. मी आवाज वाढवायचो.

शेजारचे मिश्राजी एका राइस मिलमध्ये मुनीम होते. ते एकदा कुंपणावरून म्हणाले, "सर, आप का नाम अब पूरे मोहल्ले को याद हो गया है. भाभीजी को हुआ कि नहीं?"

हातासाठी मी एका पुस्तकातला प्रयोग केला. चांगला हात काही तास बांधून ठेवायचा, म्हणजे मेंदूला दुखऱ्या हाताकडून काम करून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुस्तकात मऊ हातमोजा होता. माझ्याकडे गमछा होता. मी तिचा डावा हात गमछ्याने खुर्चीला बांधला, समोर वाटीत पोहे ठेवले आणि प्रोत्साहन देणारं हसत उभा राहिलो. ती वाटीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिचा उजवा हात मांडीवरून उठला, हवेत थरथरला, वर आला, आणखी वर आला, आणि तिने माझा चष्मा ओढून जमिनीवर टाकला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. खांदा, कोपर, बोटांची पकड, सगळं एका हालचालीत आलं होतं. मीही टाळ्या वाजवल्या. चष्म्याची एक काडी गेली होती, त्यामुळे मान तिरकी धरून वाजवल्या.

काही दिवसांनी मुली परत येऊ लागल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी मशीनं झटकली आणि शिवू लागल्या, आणि अनुसयेची खाट पुढच्या खोलीत आणायला मला लावली. संगीता नावाची एक मुलगी होती. तिने आपला शिवलेला ब्लाउज बाईंच्या मांडीवर ठेवला. अनुसयेने डाव्या हाताने तो उलटवला, पालटवला आणि म्हणाली, "मुंढा."

खोलीतली मशीनं थांबली.

"मुंढा चुकला का, बाई?" संगीताने विचारलं.

"उसव," अनुसया म्हणाली. या वेळी त्या शब्दाचा अर्थ तोच होता.

त्यानंतर शब्द येत गेले. बाही आली, काज आलं, गळा आला. जीभ जड होती, अर्धे शब्द तोंडातच राहायचे; पण मुलींनी वर्षानुवर्षे टाचण्यांमागचं बोलणं ऐकलं होतं, त्यांना काही फरक पडला नाही. मलाच मध्ये दुभाषी लागायचा. मग स्वयंपाकघर आलं: मीठ, चहा, "जास्त नको." मग दूधवाला आला. एका सकाळी त्याने दुधात पाणी घातलं होतं. अनुसयेने भांड्यात पाहिलं आणि दारातून ओरडली, "रामेश्वर!" आणि त्यापुढे असा एक शब्द वापरला, जो आमच्या लग्नानंतर मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शिव्या मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात आणि त्या आधी परत येतात, हे मी वाचलं होतं. ते मी रामेश्वरला समजावलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही. रामेश्वर हा शब्द काही सोपा नाही. जिला रामेश्वर म्हणता येतं तिला पुरुषोत्तम का येऊ नये? मी पुन्हा पुस्तकांकडे गेलो आणि मला हवं ते सापडलं, म्हणजे नको ते. मेंदूला मार बसल्यावर काही जणांना घरची माणसं ओळखू येत नाहीत. ते रुग्ण घरच्यांशी नीट वागतात, त्यांच्या हातून जेवतात. पण हा कोण, हे त्यांना सांगता येत नाही. अनुसया माझ्या हातून जेवत होती. मी चहा दिला तर घेत होती. पण चहा तर ती कुणाच्याही हातून घेईल. तिने माझ्याकडे पाहिलं की मी तिच्या डोळ्यांत शोधायचो, की ती मला बघते आहे, की चहा आणणाऱ्या एका माणसाला. मला दुसरं काही नको होतं. तिने पोळ्या नाही केल्या तरी चाललं असतं, मशीन नाही चालवलं तरी चाललं असतं. मी कोण ते तिला ठाऊक आहे, एवढं कळायला हवं होतं. आणि ते कळून घ्यायचा एकच मार्ग मला माहीत होता. मी खुर्ची आणखी जवळ ओढली.

तसाच एक दिवस मी "षो"वर आलो होतो, तेव्हा अनुसयेची धाकटी बहीण देवका दारात येऊन उभी राहिली. ती चोरखमाऱ्याच्या तलावापाशी राहते. धानाचं शेत आहे. हातात नव्या तांदळाची पिशवी होती. ती पिशवी न ठेवता तशीच ऐकत राहिली.

"भाऊजी, हे का करून राहिले?"

"सराव," मी म्हणालो. "तिला माझं नाव आठवत नाही."

"आठवत नाई?" देवकाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे. "भाऊजी, बाईनं तुमचं नाव आजवरी घेतलं का कधी?"

मी आठवून पाहिलं. आयकता का, म्हणायची. लोकांना सांगताना आमचे सर म्हणायची. "घेतलं असेल," मी म्हणालो.

"लगनात सगळ्यायनं दार अडवलं तवा एक डाव घेतलं. तेबी बँडवाल्यायलेबी आयकू नाई आलं. नवऱ्याचं नाव घेते का बाई मानूस आपल्याकडं? अन् तेबी डाक्टरपुढं?"

"डॉक्टरांनी विचारलं तर घ्यायला नको?"

"डाक्टर का नवरदेवाची करवली आहे, दार अडवाले?" देवकाने आता पिशवी ठेवली. "अन् तुमी सकारपासून सोताच सोताचं नाव घेऊन राहिले? सारा मोहल्ला आयकून राहिला. लाज नाई वाटली?"

खाटेवरून एक आवाज आला. मला वाटलं, तिला ठसका लागला. अनुसया हसत होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत, आणि उजवा हात, जो व्यायामाच्या वेळी कधी धड उठत नसे, तो पोटावर जाऊन बसला होता. कित्येक महिने मी तिला तो एकच शब्द शिकवत होतो, जो ती धडधाकट असतानाही उच्चारणार नव्हती. तो लाल चेहरा, ते मिटलेले ओठ. मेंदूतला रस्ता वगैरे काही नव्हतं. तिला माझी लाज वाटत होती.

देवका खाटेवर बसली. "नाव नको घेऊ, बाई. नुसतं सांग. हे कोन होत?"

अनुसयेचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. हात उचलला. "हे," ती म्हणाली. "हे..." कपाळावर आठी पडली. पुढचा शब्द शोधायला ती कुठेतरी गेली आणि येताना भलताच घेऊन आली. "मुंढा."

दोघी हसल्या. मीही हसलो. मुंढा असणं काही वाईट नाही, अंगाला बाही त्यानेच लागते, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण ज्या अर्थी तिला शोधावं लागलं त्या अर्थी मी कोण हे तिच्यातून गेलेलं होतं, असंही वाटत राहिलं.

चहा पिताना मी देवकाला माझी आवडती उपमा ऐकवली. मेंदू म्हणजे धानाच्या बांध्या, बांध घालून पाडलेले शेताचे तुकडे. एका बांधीचा पाट बुजला तर पाणी शेजारच्या बांधीतून फिरून येतं.

"सोताहून येते का पानी?" देवका म्हणाली. "धुरा फोडा लागते. अन् ज्याच्या बांधीतून नेलं तो भांडते तो येगराच."

माझ्या उपमेत धुरा, म्हणजे मधला बांध, फोडायची सोय नव्हती, आणि वर भांडणाऱ्या शेजाऱ्याचीही नव्हती. मी चहा संपवला.

नावाचा सराव मी बंद केला. मोहल्ला शांत झाला. अनुसयेसमोर बसून मी जे सुचेल ते बोलू लागलो, आणि सुचायचं फार थोडं: आज वाचनालयात कोण आलं, कुणी पुस्तकाचं पान दुमडलं. ती ऐकायची आणि मधूनच "उसव" म्हणायची, म्हणजे मी कंटाळवाणं बोलत होतो. पहिल्या काही महिन्यांत जे यायचं ते येतं, नंतर वेग मंदावतो, असं पुस्तकात होतं. मंदावला हे खरं. पण वर्ष उलटल्यावरही एखाद्या सकाळी नवा शब्द यायचा. ती काठी टेकत वर्गात फिरू लागली. डाव्या हाताने खडू धरून कापडावर रेघ मारायची. रेघ तिच्यासारखीच चालायची, थोडी एका बाजूला झुकून. मुली त्या रेघेवर सरळ कापायला शिकल्या.

तपासणीसाठी आम्ही नागपूरला गेलो ती शेवटची वेळ. आमगावहून सकाळची गाडी. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पेरूंची टोपली, बोलायला कुणी मिळतं का ते शोधणारी. तिने आधी मला विचारलं, "कोठं जाऊन राहिले, भाऊ?"

उत्तर काही अवघड नव्हतं. मी ते जुळवत होतो. तेवढ्यात शेजारून अनुसया म्हणाली, "नाग...पूर. डाक्टर."

"हे कोन होत तुमचे? भाऊ का?"

मी खिडकीकडे पाहिलं. नाही, खोटं कशाला लिहू; काचेत तिचा चेहरा दिसत होता, तो पाहिला.

"नाई," अनुसया म्हणाली. "हे आमचे." शब्द शोधावा लागला नाही. मग थोडं थांबून, "बोलत नाई."

बाईने माझ्याकडे कळवळून पाहिलं. "अगा माय. लकवा का?"

"नाई," अनुसया म्हणाली. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. "पयलेपासून."

"मंग तुमीच सांभारता?"

"हो."

बाईने टोपलीतला एक पेरू काढून माझ्या हातात दिला आणि "खा, भाऊ" असं मोठ्याने, सावकाश, ओठ हलवून सांगितलं. मी खाल्ला. पुढचा प्रवास त्या दोघी बोलत होत्या. एकीला शब्द कमी पडत होते आणि दुसरीकडे ते जास्त होते, त्यामुळे जमलं. मी नागपूरपर्यंत तोंड उघडलं नाही. इतका आनंदाने गप्प मी कधी बसलो नव्हतो.

त्या हिवाळ्यात तिला दुसरा झटका आला. तो मोठा होता. त्यानंतर ती बोलली नाही, आणि आठवड्याने गेली.

वर्ग आता बंद आहे. मशीनं मुलींनी वाटून घेतली. पुढची खोली रिकामी आहे. कुणाचं माप बिघडलं की अजून कुणीतरी मुलगी सायकल लावून आत येते, दुसरीलाही बोलावून घेते, आणि जमिनीवर कापड पसरून दोघी बसतात. मला त्यातलं काही कळत नाही. मी चहा ठेवतो. त्या बोलतात, मी दाराशी बसून ऐकतो.